वाट शोधणारी यंत्रे

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात नया बाजारातून महाराज बाड्याकडे निघालेल्या माणसाला एखादी गल्ली बंद आढळली, तर तो जवळच्या दुकानदारास विचारून दुसरी वाट धरतो. संगणकांच्या जाळ्यातून जाणाऱ्या संदेशाला असे कोणास विचारता येत नाही. त्याची वाट जाळ्यातील यंत्रांनीच ठरवावी लागते.

समजा, या बाजारातील एका पेढीचे दुकान, गुदाम आणि हिशेबाची कचेरी येथे एकेक स्विच आहे व तिन्ही तारांनी परस्परांस जोडलेले आहेत. वाटा हाताने लिहून ठेवता येतात. परंतु दुकान व गुदाम यांमधील तार तुटली, तर कचेरीवरून जाणारी वाट मोकळी असूनही माहिती अडून राहते. म्हणून स्विचांनी एकमेकांस वार्ता देऊन आपल्या वाटा आपणच बदलाव्यात, अशी योजना निघाली. १९८८ साली लेखी नियमांत बांधलेली 'रिप' ही पद्धती केवळ टप्पे मोजते. पंधराहून अधिक टप्प्यांची वाट तिच्या लेखी नसतेच. 'ओएसपीएफ' ही पद्धती प्रत्येक तारेस किंमत लावते आणि डच शास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी १९५९ साली प्रसिद्ध केलेल्या रीतीने सर्वांत स्वस्त वाट काढते.

ही पद्धती चालू केली म्हणजे काम संपले, असे मात्र नव्हे. खरी कसोटी स्विचच्या एकेका पोर्टवर लागते.

प्रथम वेळेचा मेळ पाहावा. शेजारी स्विच दर १० सेकंदांनी परस्परांस हाक देतात आणि ४० सेकंद हाक आली नाही, तर शेजारी गेला असे मानतात. सामान्यतः हेच आकडे असतात. एका टोकाला ते बदलले व दुसऱ्या टोकाला तसेच ठेवले, तर तार धडधाकट असूनही शेजार जुळत नाही. क्षेत्राचा क्रमांकही दोन्हीकडे एकच हवा.

दुसरी गोष्ट किमतीची. पुष्कळ यंत्रांत सेकंदाला १०० मेगाबिटांचा वेग हे मूळ माप धरलेले असते. त्यामुळे १०० मेगाबिटांच्या आणि १००० मेगाबिटांच्या तारेस सारखीच किंमत, म्हणजे १, लागते. हे माप सर्व स्विचांवर एकसारखे वाढविल्यावाचून वेगवान वाटेचा वेग वायाच जातो.

तिसरी गोष्ट विश्वासाची, आणि तीच सर्वांत मोलाची. ज्या पोर्टला दुकानातील साधे संगणक जोडलेले आहेत, तेथे हाक देण्याचे कारण नाही. असे पोर्ट 'पॅसिव्ह' ठेवावे. त्यामागील जाळ्याची माहिती इतरांस मिळते, परंतु तेथून कोणी शेजारी होऊ शकत नाही. जेथे शेजार हवा, तेथे परवलीचा शब्द ठेवावा. अन्यथा कोणीही उपरे यंत्र आणून खोटी वाट सांगेल आणि सर्व स्विच ती खरी मानतील.

हे भय काल्पनिक नाही. मोठ्या जाळ्यांमध्ये 'बीजीपी' ही निराळी पद्धती चालते. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तानातील दूरसंचार कंपनीने देशापुरती योजलेली यूट्यूबची वाट बाहेर पसरली. पलीकडील जाळ्याने ती न पारखता पुढे सांगितली, आणि सुमारे दोन तास जगातील अनेकांना यूट्यूब मिळेनासे झाले.

यंत्रे शेजाऱ्याचे ऐकतात. कोणत्या शेजाऱ्याचे ऐकावे, हे मात्र माणसानेच प्रत्येक पोर्टवर ठरवून द्यावयाचे असते.