थवा चरत राहू द्या

उजनी जलाशयाच्या काठी भिगवणला रोहित (फ्लेमिंगो) पाहायला जाणाऱ्या अनेकांना एक फोटो हवाच असतो, उडत्या थव्याचा. त्याला कारणही आहे. पाण्यात उभा असलेला रोहित पांढरट गुलाबी दिसतो. पंखांतला गडद लाल आणि काळा रंग दिसतो तो पंख उघडल्यावरच. मग होडीवाल्याला गळ घातली जाते, ‘दादा, अजून थोडी जवळ घ्या ना.’ होडी थव्यात शिरते, पक्षी उडतात, फोटो मिळतो.

यात पक्ष्याचं काय जातं, ते त्याचं खाणं पाहिल्यावर कळतं. रोहित मान वाकवून चोच उलटी पाण्यात धरतो. पायांनी जागच्या जागी चिखल ढवळतो. जीभ पंपासारखी मागेपुढे हलते आणि गढूळ पाणी आत ओढून बाहेर टाकते. चोचीच्या कडांवरच्या बारीक दातऱ्यांत शेवाळ, अळ्या आणि इवले कवचधारी जीव अडकतात. पिसांचा गुलाबी रंगही याच अन्नातून येतो. एका वेळी मिळतं ते इतकं थोडं की पोट भरायला तासन्‌तास चरावं लागतं, कधी रात्रीही. त्यात अंगानं मोठा असल्यामुळे त्याला पाण्यावरून धावत वेग घेतल्याशिवाय उडता येत नाही. म्हणजे उठवलेल्या थव्याचा चरण्याचा वेळ जातो आणि खाऊन जमवलेली ताकदही जाते. कच्छच्या रणात रोहितांची मोठी वीण होते. त्या विणीची बेगमी उजनीसारख्या पाणथळ जागीच होत असते. इथे येणाऱ्या पट्टकदंब हंसाला तर परतताना हिमालय ओलांडायचा असतो.

थवा उडण्याच्या बराच आधी इशारा देतो, आपण तो ओळखायला शिकलं पाहिजे. आधी दोन-चार माना वर येतात. मग पुष्कळ माना ताठ होतात, खाणं थांबतं, विखुरलेले पक्षी एकमेकांजवळ सरकतात आणि सगळे मिळून एकाच दिशेला चालू लागतात. पहिल्या माना वर आल्या की होडी थांबवावी. चालायला लागले तर मागे घ्यावी. इंजिन लांबच बंद करून वल्ह्यांवर, तेही सरळ थव्याच्या रोखानं न जाता तिरकं जावं. होडीत उभं राहू नये, ओरडू नये. शांत थांबलं तर पक्षी पुन्हा माना खाली घालतात, आणि दुर्बिणीतून चोचीवरून ओघळणारं पाणीसुद्धा दिसतं. माझ्या मते उडत्या थव्याच्या फोटोपेक्षा हे दर्शन कितीतरी मोलाचं आहे.

होडीतून कुरव (गल) पक्ष्यांना फरसाण टाकणं हा आणखी एक वाईट प्रकार. मासे-किडे खाणाऱ्या पक्ष्याला तळलेलं, खारट खाणं देण्यात कसली आली भूतदया?

दोष एकट्या होडीवाल्याच्या माथी मारू नका. काठावरच्या कुंभारगाव, डिकसळचे हे मच्छीमार पाणी आणि पक्षी दोन्ही ओळखतात. किती जवळ जायचं ते त्यांना ठाऊक असतं. पण गिऱ्हाईक नाराज झालं तर त्यांचा रोजगार बुडतो. म्हणून होडीत पाय ठेवण्याआधी तुम्हीच सांगा, ‘दादा, थवा उडवायचा नाही. लांबूनच बघू.’ आणि परतल्यावर बक्षिशी द्यायची असेल तर ती थवा न उडवल्याबद्दल द्या.