भोक पाडायचे मशीन घेताना

घरातला मुलगा आयटीआयमधून फिटरचा दाखला घेऊन आला, की पहिल्या आठ दिवसांत घरात एकच बोलणे सुरू होते. नोकरी मिळेल तेव्हा मिळेल, तोवर ओट्याच्या बाजूला पत्र्याची शेड टाकू, एक वेल्डिंगचे मशीन घेऊ, एक ग्राइंडर घेऊ, आणि एक ड्रिल मशीन. वेल्डिंगच्या मशीनची चौकशी चार ठिकाणी होते. ड्रिल मशीन मात्र दुकानदार दाखवील ते घेतले जाते. भोक पाडायचे तर आहे, त्यात काय बघायचे, असे वाटते. आणि नेमके तिथेच घरचे पैसे अडकतात.

मध्यंतरी मी कोपरला गेलो होतो. दिवा आणि डोंबिवली यांच्या मधले हे स्टेशन. खालून कल्याणच्या लोकल जातात आणि वरच्या पुलावरून दिवा-वसईची गाडी. एका बाजूला इमारती उठल्या आहेत, तरी खाडीच्या अंगाला जुनी वस्ती अजून आपला बाज राखून आहे. तिथे ज्या घरी उतरलो त्यांची भातशेती आता थोडीच उरली आहे. मुलाने घरामागे शेड टाकली होती. शेडमध्ये टेबलावर एक नवेकोरे ड्रिल मशीन होते आणि त्यावर गोणपाट टाकलेले.

"झाकून का ठेवलंय?" मी विचारले.

मुलगा काही बोलला नाही. आजी म्हणाल्या, "माझ्या पाटल्या आहेत त्या गोणपाटाखाली."

झाले असे होते, की पाटल्या गहाण टाकून मुलाने १३ मिमीचे, म्हणजे जुन्या मिस्त्रींच्या भाषेत चार सुती, टेबलावर ठेवायचे मशीन आणले. पहिले मोठे काम आले ते शेडच्या खांबाखाली लागणाऱ्या पाट्यांचे. पाटी १२ मिमी जाड आणि प्रत्येकीला १८ मिमीची चार भोके. चकात १३ मिमीपेक्षा जाड बरमा बसेना, म्हणून त्याने दांडा बारीक केलेला १८ मिमीचा बरमा बाजारातून आणला. बरमा बसला. पण अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर गरम होऊ लागली, पट्टा घसरू लागला, बरम्याचे टोक जळून निळे पडले. दहा पाट्यांत तीन बरमे गेले. राहिलेल्या पाट्या मालकाने परत नेल्या.

मशीन वाईट नव्हते, कामाला चुकीचे होते. म्हणून तुमच्या घरात हा विचार चालू असेल, तर दुकानात जाण्याआधी चार गोष्टी घरीच बसून ठरवा.

पहिली गोष्ट भोकाचे माप. मशीनवर १३, २० किंवा २५ मिमी असे लिहिलेले असते. ते मशीन साध्या लोखंडात जास्तीत जास्त केवढे भोक पाडील, याचा तो आकडा. आता बोल्टचा हिशेब करा. १२ मिमीचा बोल्ट १२ मिमीच्या भोकात सुखाने जात नाही, त्याला साडेतेरा ते चौदा मिमीचे भोक लागते. १६ मिमीच्या बोल्टला साडेसतरा ते अठरा. शेतीच्या अवजारांत १२ आणि १६ मिमीचे बोल्ट तर नेहमीचेच. म्हणजे कुळवाची किंवा ट्रॅक्टरच्या पाभरीची दुरुस्ती करायची म्हटली, तरी १३ मिमीचे मशीन पहिल्याच बोल्टला तोकडे पडते. दरवाजाच्या जाळ्या, खिडक्यांचे ग्रिल, बिजागऱ्या, पत्र्याची कामे एवढेच करायचे असेल तर ते पुरते आणि चांगले चालते. अवजारे, ट्रॉली, शेडचे खांब डोळ्यांपुढे असतील, तर २० किंवा २५ मिमीचे जमिनीवर उभे राहणारे पिलर मशीन पाहा. माझे मत विचाराल तर २५ मिमीचे. वर्षातले बरेचसे काम १८ मिमीच्या आत असले तरी, रोज शेवटच्या ताकदीवर चालणारे मशीन लवकर खिळखिळे होते. बैलाचेही तसेच आहे.

मोठ्या मशीनचा आणखी एक फायदा आहे. त्याच्या दांड्यात निमुळते भोक असते, त्याला मोर्स टेपर म्हणतात. जाड बरम्याचा दांडाही तसाच निमुळता असतो. तो चकाविना थेट आत बसतो आणि घसरत नाही. दोन नंबरचा टेपर २३ मिमीपर्यंतच्या बरम्यांना असतो, त्यापुढे सुमारे ३२ मिमीपर्यंत तीन नंबरचा. मशीन घेताना टेपर कितीचा ते विचारून घ्या, कारण पुढे बरमे त्याच मापाचे घ्यावे लागतील.

दुसरी गोष्ट वेग, आणि इथे भले भले चुकतात. बरमा जितका जाड तितका तो सावकाश फिरला पाहिजे. हिशेब सोपा आहे. साध्या लोखंडासाठी आठ हजाराला बरम्याच्या मिलिमीटरने भागा, येईल तेवढे फेरे मिनिटाला. १० मिमीच्या बरम्याला ८००, २० मिमीला ४००, २५ मिमीला ३२०. हायस्पीड स्टीलच्या बरम्याचा हा हिशेब आहे. स्टेनलेस असेल तर याच्या निम्म्यावर या. आता तुमच्या मनातल्या मशीनचा सर्वांत कमी वेग विचारा. तो ६०० असेल, तर १८ मिमीचा बरमा त्यावर जळणारच, मोटर कितीही मोठी असो. दुकानदार जास्तीत जास्त वेग अभिमानाने सांगतो, तुम्ही कमीत कमी विचारा. पुलीला जितक्या पायऱ्या जास्त, तितके वेग जास्त मिळतात.

तिसरी गोष्ट वीज. शेतीच्या जोडावर शेड चालवायचा मोह होतो, पण तो नियमात बसत नाही आणि शेतीच्या फीडरवर थ्री फेज दिवसभर मिळतही नाही. शेडसाठी वेगळा जोड मागा. एक हॉर्सपॉवरपर्यंतची मोटर सिंगल फेजवर चालते. त्यापुढे थ्री फेज मिळत असेल तर बरे, कारण ती मोटर साधी असते आणि दुरुस्तीला कमी येते. काहीही घेतलेत तरी नुसत्या खटक्यावर मशीन लावू नका, स्टार्टर लावा. वीज गेली की चांगला स्टार्टर आपोआप सुटतो आणि वीज परत आल्यावर बटण दाबल्याशिवाय मशीन फिरत नाही. तुमचा हात बरम्याजवळ असताना वीज आली, तर हा स्टार्टरच कामी येईल. अर्थिंग चोख हवे, हे पंप चालवणाऱ्या घराला सांगायला नको.

चौथी गोष्ट गळा. बरम्याच्या मध्यापासून मागच्या खांबापर्यंतचे अंतर म्हणजे गळा. गळा २० सेंटिमीटर असेल तर कडेपासून २० सेंटिमीटरपर्यंतच भोक पाडता येते, म्हणजे ४० सेंटिमीटर रुंद पाटीच्या बरोबर मध्यापर्यंत पोचता येते, त्याहून रुंद पाटीच्या नाही. मोठमोठ्या पाट्यांचे काम असेल तर रेडियल मशीन असते, त्याचा हात फिरतो. पण नव्या शेडला ते परवडत नाही आणि लागतही नाही.

आता दुकानात जाऊ. मुंबईत मशिनरी आणि हत्यारांसाठी नागदेवी स्ट्रीटचा बाजार प्रसिद्ध आहे. कोपरहून धीम्या गाडीने मशीद स्टेशन गाठले की पायी जाता येते. इथे मिळणारी बरीच मशीने राजकोट, लुधियाना, बटाला या गावांतली असतात. नावावर जाऊ नका, मशीन हाताने तपासा. चकात एक सरळ, गुळगुळीत सळई धरा आणि हाताने फिरवा. टेबलावर सुईचे टोक सळईला जेमतेम लागेल असे ठेवा. एका बाजूला सुई लागते आणि दुसऱ्या बाजूला फट दिसते, तर दांडा किंवा चक वाकडा फिरतो आहे. मग चकात काटकोनात वाकवलेली तार धरा, तिचे टोक टेबलाला अगदी थोडे टेकू द्या आणि एक फेरा द्या. टोक सगळीकडे सारखे टेकले तर टेबल काटकोनात आहे. शेवटी हँडल ओढून दांडा पूर्ण खाली आणा आणि हाताने डावीउजवीकडे हलवा. हलला, तर नमस्कार करून बाहेर पडा.

जुने मशीन घेण्यात कमीपणा नाही. उलट जुन्या बिडाच्या मशीनचे वजन चांगले असते आणि वजन हाच ड्रिल मशीनचा अर्धा गुण आहे. हलके मशीन थरथरते, आणि थरथरीत बरम्याची धार जाते. मात्र टेबल पाहा. टेबलावर बरम्याने पाडलेल्या खुणांची चाळणी झाली असेल, तर मशीन बेफिकीर हातांखाली गेलेले आहे. टेपरच्या भोकात बोट घालून चरे लागतात का बघा. मोटर चालू करून डोळे मिटून ऐका. बेअरिंग गेले असेल तर घरघर लपत नाही.

सगळे पैसे मशीनमध्येच घालू नका. १८ मिमीचे भोक १२ मिमीच्या पाटीत पडायला चांगल्या मशीनवर अर्धे मिनिटही लागत नाही. वेळ जातो तो आखणी करण्यात, पंच मारण्यात, पाटी बांधण्यात आणि सोडण्यात. म्हणून एक भक्कम मशीन व्हाइस घ्याच. एकसारख्या शंभर पाट्या असतील तर त्यांच्यासाठी जिग बनवा. पाटी आत सरकवली की भोकाची जागा ठरलेलीच. मजुरी नगावर मिळते, तेव्हा जो झटपट बांधतो तो कमावतो.

बरम्याची धारही घरीच लावायला शिका. भोक पाडताना दोन्ही बाजूंनी सारखी वळणे घेत कीस वर आला, तर धार नीट आहे. एकाच बाजूने येत असेल, तर भोक मापापेक्षा मोठे होणार. जाड भोकाआधी पाच-सहा मिमीचे बारीक भोक पाडून घ्या, मोटरवरचा भार हलका होतो. सोल्युबल ऑइल पाण्यात घालून दुधासारखे पांढरे करून सोडत राहा. बीड मात्र कोरडेच भोकतात. आणि नांगराचा फाळ हातात घेतलात तर घाई नको. ते पोलाद कडक असते. भट्टीत लाल करून राखेत सावकाश निवू द्यावे, मग भोक पाडून पुन्हा पाणी द्यावे. आपल्या गावचा लोहार हे पिढ्यान्‌पिढ्या जाणतो, त्याला विचारायला लाजू नका.

या मशीनवर हातमोजे घालायचे नाहीत. हे ऐकून नवल वाटेल, पण मोज्याचा एक धागा बरम्यात सापडला तर हात आत जातो. मळणी यंत्रात काय होते ते आपण पाहिलेले आहे. ओढणी, पदर, मोकळे केस, लांब बाह्या, गळ्यातली साखळी या सगळ्यांना इथे मज्जाव. डोळ्यांना चष्मा हवा. कीस हाताने नाही, ब्रशने काढायचा. चकाची चावी काढल्याशिवाय बटण दाबायचे नाही. पातळ पत्रा कधीही हातात धरायचा नाही, कारण बरमा आरपार जाण्याच्या क्षणी पत्र्यात अडकतो आणि पत्रा पात्यासारखा फिरतो.

पैशाचे बोलायचे तर पाटल्या हा पहिला मार्ग नसावा. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत लोहारकामाचा समावेश आहे. तीत अवजारांसाठी १५,००० रुपये आणि तारणाशिवाय पहिले एक लाख व नंतर दोन लाख असे ५ टक्के व्याजाचे कर्ज ठेवले गेले. लाभ कुटुंबात एकालाच. थोडा मोठा विचार असेल तर २००८ सालापासूनच्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात खेड्यातल्या नव्या उद्योगाला प्रकल्प खर्चाच्या २५ टक्के, आणि महिला, मागासवर्गीय वगैरेंना ३५ टक्के अनुदान ठरले होते. यातली मेख अशी, की ही योजना नव्या उद्योगासाठी होती. आधी मशीन आणून शेड चालू केली आणि मग अर्ज केला, तर हाती काही लागत नाही. म्हणून खरेदीआधी जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन सध्याचे नियम विचारून या. नुसते विचारायला पैसे पडत नाहीत.

शेतकऱ्याच्या घरातून लोखंडाचे काम निघत नाही, असे कोणी म्हणाले तर ऐकू नका. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली आणि पुढे लोखंडी नांगर बनवला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते म्हणून तो लवकर कोणी घेईना. १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली ती माळरानावर. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, ठाण्याची वागळे इस्टेट उभी राहिली, मग डोंबिवलीचीही वसाहत झाली. आसपासच्या गावांतली मुले तिथल्या कारखान्यांत मशीनवर उभी राहिली ती भाताच्या खाचरातूनच आलेली होती.

कोपरच्या त्या मुलाने पुढे काय केले, ते सांगायचे राहिले. त्याने लहान मशीन विकले नाही. विकले असते तर निम्मे पैसेही आले नसते. ग्रिलवाल्यांकडून त्याने बारीक भोकांचे काम धरले, आठ आणि दहा मिमीचे. त्या कामाला ते मशीन चोख होते. त्यातून साठवून वर्षभराने त्याने एका बंद पडलेल्या वर्कशॉपमधून जुने २५ मिमीचे पिलर मशीन उचलले. टेम्पोतून उतरवायला चार माणसे लागली. बेअरिंग बदलले, पट्टे नवे घातले. पाट्यांचा मालक पुन्हा आला तेव्हा त्याने आधी एक भोक पाडून दाखवले आणि मगच दर सांगितला.

पाटल्या गेल्या दिवाळीला सुटल्या. आजींनी त्या हातात घातल्या नाहीत, कपाटात ठेवल्या. म्हणाल्या, "शेडमध्ये जायचं असतं ना मला, चहा घेऊन."