जुन्या पानावरचा सल्ला

न्यू जर्सीतल्या आमच्या ऑफिसात प्रोग्रॅमरांसाठी एक नियमावली आहे. त्यात लिहिलंय, स्वतःचं एक्सेप्शन करायचं तर ते ‘ॲप्लिकेशनएक्सेप्शन’पासून करावं. हे कुणाच्या मनचं नाही. २००२ साली डॉटनेट आलं, तेव्हा सुरुवातीच्या काळात मायक्रोसॉफ्टच्या कागदपत्रांतच तसा सल्ला होता.

एक्सेप्शन म्हणजे चालत्या प्रोग्रॅममध्ये काही बिघडलं की त्यानं केलेली ओरड. सिस्टीमची एक्सेप्शन्स एका घराण्यातली, आपली दुसऱ्या, म्हणजे ओरड कुणाची ते लगेच कळेल, असा विचार. कागदावर झकास! पण डॉटनेटचंच ‘टार्गेटइन्व्होकेशनएक्सेप्शन’ आपल्या घराण्यात येऊन बसलेलं. मग वेगळेपण राहिलं कुठं? पुढे मायक्रोसॉफ्टनंच सल्ला बदलला : थेट ‘एक्सेप्शन’पासून करा. जुना क्लास मात्र ठेवलाय. काढला तर त्यावर उभे असलेले जुने प्रोग्रॅम मोडतील. त्यामुळे तो वापरला तरी कंपायलर आजही हूं की चूं करत नाही, आणि जुनी पानं खरीच वाटत राहतात.

आमच्याकडे नव्यानं आलेल्या सांगलीच्या मुलीचं काम याच वाक्यावर बोट ठेवून परत आलं. तिनं बरोबर लिहिलं होतं.

“दादा, माझा व्हिसा कंपनीच्या हातात. वाद कशाला घालू?” डबा खाताना ती म्हणाली.

“वाद नकोच. नवं पान छाप आणि सोबत जोड.”

तिनं जोडलं. तिचा कोड गेल्या आठवड्यात प्रॉडक्शनला गेला. नियमावलीतलं वाक्य अजून तिथंच आहे.