पुन्हा सायकलीवर

जानेवारी २०२४ मध्ये उरणपर्यंत लोकल धावू लागली आणि द्रोणागिरीहून वाशीच्या दाणाबंदरातील पेढीवर मला नेणारी सायकल जिन्याखाली विसावली. दोन वर्षांनी बाहेर काढली, तेव्हा खाऱ्या वाऱ्याने साखळी गंजलेली, टायरांना चिरा पडलेल्या. ते दुरुस्त झाले; पायांचे काय? त्यांना जुना वेग स्मरत होता, बळ मात्र उरले नव्हते. पहिल्याच दिवशी गव्हाण फाट्याजवळ, दमलेला असताना, बंदराकडे निघालेल्या कंटेनर-ट्रेलरच्या झोताने तोल गेला. थोडक्यात बचावलो. सायंकाळी वडिलांनी एवढेच विचारले, "पैज कुणाशी लावली होतीस?"

आता भल्या पहाटे, ट्रेलरची वर्दळ वाढण्यापूर्वी, खारकोपरपर्यंत सायकल, पुढे लोकल. पुढील पंधरवड्यात बामणडोंगरी गाठायची आहे.