प्राध्यापकाची नेमणूक कोण करतो?

विद्यापीठातील अध्यापकाला आपल्या विषयात काय शोधावे, काय शिकवावे आणि हाती आलेले निष्कर्ष कोणाला अप्रिय वाटले तरी ते कसे मांडावेत, हे ठरवण्याची जी मोकळीक असते, तिला शैक्षणिक स्वातंत्र्य म्हणतात. एखादे पुस्तक अभ्यासक्रमातून काढले गेले की या स्वातंत्र्याची चर्चा जोरात होते. मुंबई विद्यापीठाने २०१० मध्ये रोहिंटन मिस्त्री यांची ‘सच अ लाँग जर्नी’ ही कादंबरी राजकीय विरोधानंतर वगळली, तेव्हाही ती झाली. परंतु वर्गात कोणते पुस्तक शिकवायचे हा प्रश्न येण्याआधीच तिथे कोण शिकवणार आणि किती काळ शिकवणार, हे ठरलेले असते. म्हणून या स्वातंत्र्याचा पाया प्राध्यापकांच्या निवडीच्या पद्धतीत आणि त्यांच्या नोकरीच्या स्थैर्यात शोधावा लागतो.

नेमणुकीत विद्यापीठाबाहेरच्या यंत्रणेचा प्रत्येक सहभाग म्हणजे दबाव नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगाने घालून दिलेली अध्यापकपदासाठीच्या नेट किंवा सेट या पात्रता परीक्षेची अट, अथवा आरक्षित जागांचा क्रम ठरवणारी बिंदुनामावली, हे सर्वांना सारखे लागू असलेले आणि आधी जाहीर झालेले नियम आहेत. शिवाय बिंदुनामावली नसती तर अनेक समाजघटकांना प्राध्यापकांच्या खोलीत पाऊल ठेवणेही अवघड झाले असते. नियम बाजूला सारून विशिष्ट व्यक्तीला घेण्यासाठी किंवा टाळण्यासाठी मंत्री, संस्थाचालक, देणगीदार किंवा संघटना आपले वजन वापरतात, तेव्हा त्याला दबाव म्हणावे लागते. हा भेद नीट न केल्यास स्वायत्ततेच्या नावाखाली मनमानी आणि सामाजिक न्यायाच्या नावाखाली हस्तक्षेप, अशा दोन्ही गोष्टींना वाट मिळते.

मुंबईच्या अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांतील बहुतेक पदवी महाविद्यालये खासगी शिक्षणसंस्थांनी उभारलेली आणि मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. अनुदानित पदाचा पगार शासन देते, पण नेमणुकीचे पत्र संस्था देते. आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीनुसार महाविद्यालयीन निवड समितीचे अध्यक्षपद संस्थेच्या नियामक मंडळाच्या अध्यक्षाकडे किंवा त्याच्या प्रतिनिधीकडे असते, आणि समितीत प्राचार्य, विभागप्रमुख, कुलगुरूंचे प्रतिनिधी व बाहेरचे विषयतज्ज्ञ बसतात. याच नियमावलीने उमेदवाराच्या पदव्या, संशोधन आणि अनुभव यांचे गुण केवळ मुलाखतीला बोलावण्यापुरते ग्राह्य धरले आणि अंतिम निवड मुलाखतीवरच सोपवली. ज्या निर्णयाचे कारण लेखी द्यावे लागत नाही, त्यात शिफारस आणि ओळख यांना सहज शिरकाव मिळतो. देणगीच्या नावाखाली पैसे मागितले जातात, ही तक्रारही राज्यात वर्षानुवर्षे होत आली आहे. महाराष्ट्रात शैक्षणिक कामगिरी आणि मुलाखत या दोन्हींना गुणांचा ठरावीक वाटा देण्याचा विचार अलीकडे पुढे आला, तो याच पार्श्वभूमीवर.

विद्यापीठाच्या पातळीवर ही साखळी कुलगुरूंपासून सुरू होते, कारण निवड समित्यांवर कोण बसणार हे बऱ्याच अंशी त्यांच्या हाती असते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार शोध समितीने सुचवलेल्या नावांतून राज्यपाल कुलपती या नात्याने कुलगुरू नेमतात. डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळाने संमत केलेल्या दुरुस्तीत ही नावे आधी राज्य सरकारकडे जावीत, सरकारने त्यांतील दोन राज्यपालांकडे पाठवावीत आणि उच्च शिक्षणमंत्र्यांना प्र-कुलपती करावे, अशी तरतूद होती. पुढच्या सरकारने ती मागे घेतली. हा वाद मुख्यतः अधिकार राजभवनाकडे असावा की मंत्रालयाकडे, याभोवती फिरला, आणि विद्यापीठातील अध्यापकांचा त्यात किती आवाज असावा हा प्रश्न बाजूलाच राहिला.

नोकरीच्या स्थैर्याचा प्रश्न मात्र देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत ठळकपणे समोर आला. १९३६ मध्ये स्थापन झालेली आणि १९६४ पासून अभिमत विद्यापीठाचा दर्जा, म्हणजे स्वतः पदवी देण्याचा अधिकार, असलेली ही संस्था जून २०२४ च्या अखेरीस चर्चेत आली. टाटा एज्युकेशन ट्रस्टच्या अनुदानावर कंत्राटी नेमलेल्या ५५ अध्यापकांना आणि सुमारे ६० शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना अनुदान मंजूर न झाल्याने सेवा संपत असल्याची पत्रे देण्यात आली. त्यांतील काही जण दहा वर्षांहून अधिक काळ तिथे काम करत होते. ट्रस्टने निधीचे आश्वासन दिल्यानंतर दोनच दिवसांत पत्रे मागे घेतली गेली. इथे कोणाच्या मतांमुळे नोकरी गेली असे म्हणता येत नाही; तरीही एका अनुदानाच्या मंजुरीवर इतक्या अभ्यासकांचे भवितव्य टांगलेले असू शकते, ही बाब पुरेशी गंभीर आहे.

ज्याचे पुढील वर्षाचे पत्र कोणाच्या तरी मर्जीवर अवलंबून आहे, त्याला गप्प बसवण्यासाठी आदेशाची गरज पडत नाही. तो वादाचा विषय संशोधनासाठी निवडत नाही आणि बैठकीत प्राचार्यांशी असहमती दाखवत नाही. तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरते मानधन घेऊन, शिकवणाऱ्या आणि बीएमएस (व्यवस्थापन), बीएएफ (लेखा व वित्त) यांसारख्या विनाअनुदानित अभ्यासक्रमांवर संस्थेच्या पगारावर काम करणाऱ्या तरुण अध्यापकांची स्थिती हीच आहे. आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीने कंत्राटी अध्यापकांवर एकूण पदांच्या १० टक्क्यांची मर्यादा घातली होती. जानेवारी २०२५ च्या मसुद्यात ती मर्यादाच वगळण्यात आली. गोव्यात जन्मलेले गणिती आणि इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्यासारख्या विद्वानाचाही टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील करार १९६२ मध्ये पुढे चालू ठेवला गेला नाही. अणुऊर्जेऐवजी सौरऊर्जेचा उघड पुरस्कार करणाऱ्या या माणसाची कीर्तीही त्याच्या कामी आली नाही. मग नवख्या अध्यापकाने कशाच्या आधारावर बोलावे?

कायम नोकरीमुळे आळस वाढतो, हा आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा, पण त्यावरचा उपाय सहकारी तज्ज्ञांकडून नियमित मूल्यमापन हा आहे, कायमची टांगती तलवार हा नव्हे. अमेरिकेतील प्राध्यापकांनी १९१५ मध्ये संघटना स्थापन करून स्थैर्य आणि स्वातंत्र्य यांची सांगड घातली, आणि युनेस्कोने १९९७ च्या शिफारशीत तीच जगापुढे ठेवली. महाराष्ट्रासाठी त्यातून निघणारी मागणी साधी आहे: मंजूर पदे वेळेवर व पूर्णवेळ भरावीत, प्रत्येक उमेदवाराचे गुण आणि निवडीची कारणे जाहीर करावीत, समितीत विषयतज्ज्ञांचे मत निर्णायक ठरावे आणि कंत्राट संपवताना लेखी कारण व दाद मागण्याची सोय असावी. यातील बहुतेक गोष्टींसाठी नवा पैसा लागत नाही. उपनगरांतील लाखो मुले ज्यांच्याकडून प्रश्न विचारायला शिकणार आहेत, त्या शिक्षकांना स्वतः प्रश्न विचारण्याची भीती वाटू नये, एवढी हमी समाजाने त्यांना दिलीच पाहिजे.