पांढऱ्या आगबोटी, काळा कोळसा

जर्मनीचं आरमार, पण मुक्काम चीनमध्ये! १८९८ साली जर्मनीने चीनकडून क्याऊचाऊचं आखात ९९ वर्षांच्या पट्ट्याने घेतलं. आदल्याच वर्षी तिथे जर्मन सैनिक उतरले होते, तेव्हा नाही म्हणायची चीनची काय बिशाद!

आखाताच्या काठी चिंगताव बंदर उभं राहिलं. तिथे एक छोटासा ताफा असायचा. १९१४ मध्ये त्यात शार्नहोर्स्ट आणि ग्नायझेनाऊ या दोन मोठ्या क्रूझर होत्या, शिवाय एमडनसारख्या काही हलक्या. ताफ्याचे प्रमुख होते ॲडमिरल फॉन श्पे. बोटींना पांढरा रंग दिलेला. एमडनला तर लोक ‘पूर्वेचा हंस’ म्हणत. बोटी वर्षानुवर्षं इथेच राहायच्या. खलाशी तेवढे बदलायचे. नवे जर्मनीहून बोटीने यायचे, जुने घरी जायचे.

आता खरी गंमत. या बोटी वाफेवर चालत आणि वाफ व्हायची कोळशावर. पांढऱ्याशुभ्र बोटीवर शेकडो टन कोळसा चढवायचा, म्हणजे काय अवस्था होत असेल! सगळं जहाज कामाला लागायचं. पोती, फावडी, नाकातोंडात धूळ, आणि मग बोट धुवत बसा.

त्यात पाणी फार चिवट. बादलीत हात हळू फिरवून बघा, मग भरभर फिरवा. बोटीचा वेग दुप्पट केला की पाण्याचा विरोध साधारण चौपट होतो. तेवढ्याच वेळात अंतरही दुप्पट कापायचं असतं. म्हणून इंजिनाला शक्ती लागते जवळजवळ आठपट, आणि कोळसाही त्याच हिशेबाने जळतो! चिंगतावमागे शांतुंग प्रांतात कोळशाच्या खाणी होत्या, बंदरापर्यंत रेल्वेही होती. चिंगताव हाताशी होतं तोवर चिंता नव्हती.

जून १९१४ मध्ये मिनोटॉर ही ब्रिटिश क्रूझर चिंगतावला पाहुणी म्हणून आली. दोन्हीकडचे खलाशी फुटबॉल खेळले, रस्सीखेच खेळले. दोन महिन्यांच्या आत पहिलं महायुद्ध पेटलं आणि तेच एकमेकांचे शत्रू झाले.

जपानही जर्मनीविरुद्ध उतरला आणि चिंगतावचा रस्ता बंद झाला. मुख्य ताफा दक्षिण अमेरिकेकडे निघाला. एमडन एकटीच हिंदी महासागरात शिरली. २२ सप्टेंबरच्या रात्री तिने मद्रासवर तोफा डागल्या, तेलाच्या टाक्या पेटवल्या. आणि कोळसा? शत्रूची मालवाहू जहाजं पकडायची आणि त्यांच्यातला घ्यायचा! आधी हाती लागला तो हिंदुस्थानी कोळसा. तो भसाभस धूर सोडायचा, म्हणजे लपायला आलेल्या बोटीला अगदी नको तेच. पुढे ब्रिटिश आरमारासाठी हाँगकाँगला निघालेला वेल्सचा उत्तम कोळसाच तिने पटकावला. नोव्हेंबरमध्ये सिडनी या ऑस्ट्रेलियन क्रूझरने तिला गाठलं आणि तिची कामगिरी तिथेच संपली.

८ डिसेंबरला श्पे फॉकलंड बेटांवर चालून गेले. बंदरात त्यांच्याहून मोठ्या आणि वेगवान ब्रिटिश युद्धनौका होत्या. त्या काय करत होत्या सांगा पाहू? कोळसाच भरत होत्या! काम अर्धवट टाकून त्या पाठलागाला निघाल्या. दोन्ही मोठ्या जर्मन क्रूझर बुडाल्या, श्पेही गेले. वाटेत येऊन मिळालेली ड्रेस्डेन तेवढी निसटली. मार्च १९१५ मध्ये चिलीच्या एका बेटापाशी तिचाही कोळसा संपत आला. तिथे ब्रिटिशांनी गाठल्यावर खलाशांनी ती स्वतःच बुडवली. त्या बेटाचं आजचं नाव आहे रॉबिन्सन क्रूसो!