रूळ नसलेलं टर्मिनस

कंधारला रेल्वे नाही, आणि कधी नव्हतीही. राष्ट्रकूटांच्या काळात नावारूपाला आलेलं, खंदकाने वेढलेल्या किल्ल्याचं आणि हाजी सय्याह दर्ग्याचं हे मन्याडकाठचं तालुक्याचं गाव. इथून मुंबई, पुणे, हैदराबाद कुठेही रेल्वेने जायचं तर आधी नांदेड गाठायचं, आणि नांदेड गाठायचं म्हणजे स्टँडवर यायचं. मोठ्या शहरात मेट्रोचा किंवा लोकलचा मार्ग जिथे संपतो, तिथे बाहेर बस उभ्या असतात आणि माणसं पुढच्या वस्त्यांकडे पांगतात. कंधारात पांगवणाऱ्या बस सगळ्या आहेत. ज्या गाडीतून माणसं उतरायची, ती तेवढी पन्नासेक किलोमीटर लांब थांबते.

याचं कारण भूगोलात आहे. निजामाच्या राज्यात मनमाड ते सिकंदराबाद हा मीटरगेज मार्ग १९०० च्या सुमारास झाला, तेव्हा त्याने गोदावरीचं खोरं धरलं. सपाट जमीन, कापसाची बाजारपेठ आणि कमी खर्च. औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड ही गावं रुळावर आली. दक्षिणेला बालाघाटाच्या डोंगररांगांत वसलेलं कंधार बाजूला राहिलं. तिकडे बार्शी लाईट रेल्वेची छोटी गाडी १९११ मध्ये लातूरपर्यंत पोचली आणि तिथेच थांबली. दोन मार्गांच्या मधल्या या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या बैलगाडी होती, घोडा होता आणि पायवाट होती.

पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. मराठवाड्यातली सरकारी बस रेल्वेच्याच घरात जन्माला आली. निजाम सरकारने १९३० मध्ये रेल्वे कंपनी विकत घेतली आणि दोन वर्षांनी, १५ जून १९३२ ला, त्याच रेल्वे खात्याने २७ मोटारगाड्या आणि १६६ कर्मचारी घेऊन रस्त्यावरची वाहतूक सुरू केली. रूळ आणि रस्ता एकाच खात्याच्या हातात. खाजगी मोटारवाले रेल्वेचे उतारू पळवत होते, हे त्यामागचं रोकडं कारण असणार. पण निघालं ते चांगलं. बसने आडगावचा माणूस स्टेशनावर आणायचा आणि रेल्वेने त्याला पुढे न्यायचं, ही कल्पना तेव्हा कागदावर तरी एकसंध होती. पुण्याहून अहमदनगरला पहिली एसटी निघाली १ जून १९४८ ला. म्हणजे एसटीच्या आधी तब्बल सोळा वर्षं निजामाच्या मुलखात सरकारी बस धावत होती. उर्वरित महाराष्ट्रात हे सांगितलं की लोक चमकतात.

१९५१ मध्ये बस रेल्वेपासून वेगळी झाली. १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, आणि १९६१ मध्ये इथली राज्य परिवहन सेवा महाराष्ट्राच्या महामंडळात मिसळली. गाड्या आल्या, रस्ते झाले, आगारं झाली. रेल्वे आणि बस यांच्यातला धागा मात्र १९५१ च्या त्या वाटणीत तुटला, तो पुन्हा कुणी नीट बांधला नाही.

आज कंधारला नांदेड विभागाचं स्वतःचं आगार आहे. आगार असणं आणि नुसतं स्टँड असणं यांत केवढा फरक आहे, हे गावाकडच्या माणसाला विचारावं. आगार असलं की गाड्या रात्री इथे झोपतात, इथेच डिझेल भरतात, इथल्याच कार्यशाळेत त्यांचे पाटे आणि ब्रेक बघितले जातात. एखादी गाडी रस्त्यात बसली तर दुसरी पाठवता येते. निदान पाठवा म्हणून भांडता तरी येतं. नुसत्या स्टँडवर ज्याच्याशी भांडावं असा माणूसच नसतो.

कंधारहून नांदेडला जायचे ठळक रस्ते दोन. एक लोहा-सोनखेडवरून, एक उस्माननगरकडून. दुसऱ्या दिशांना मुखेड, जांब, अहमदपूर. आणि मग खरा पसारा: कुरुळा, पेठवडज, बारूळ, फुलवळ, पानशेवडी अशी गावं, त्यांच्या पलीकडच्या वाड्या आणि तांडे. स्टँडवरचा वाहतूक नियंत्रक, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचा कंट्रोलर, खिडकीमागे बसून या साऱ्याचा हिशेब ठेवतो: कोणती फेरी सुटली, कोणती रद्द, कोणता कंडक्टर रजेवर. सकाळी त्याच्या खिडकीशी कॉलेजची पोरं असतात, दुपारी दवाखाना आणि तहसील उरकून परतणारी माणसं. कंधारचे नेते केशवराव धोंडगे यांच्या शिक्षण संस्थेने या तालुक्यात शाळा-कॉलेजं उभी केली, तेव्हा आडगावची मुलं वर्गापर्यंत आणायचं निम्मं काम एसटीच्या पासानेच केलं, असं म्हटलं तर धोंडग्यांच्या कामाला कमीपणा येत नाही.

या व्यवस्थेतला सगळ्यात हुशार भाग मुक्कामी गाडी. संध्याकाळी शेवटची फेरी गावात पोचते आणि परत येतच नाही. ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच राहतात. कुठे शाळेच्या ओट्यावर, कुठे मारुतीच्या पारावर, कुठे ग्रामपंचायतीने दिलेल्या खोलीत, आणि कित्येकदा सरळ गाडीतच. पहाटे तीच गाडी पहिली फेरी घेऊन तालुक्याला निघते. हिशेब साधा आहे. गाडी रात्री आगारात परतली असती तर रिकामीच परतली असती, आणि सकाळी रिकामीच गावापर्यंत न्यावी लागली असती. मुक्कामामुळे दोन रिकामे खेटे वाचतात, आणि गावाला पहाटेची गाडी मिळते. संध्याकाळी कामं उरकून घरी जाता येतं आणि सकाळी पहिल्या तासाला कॉलेजात बसता येतं, ते या एका युक्तीमुळे. जगातल्या मोठमोठ्या परिवहन संस्था गाड्यांचा रिकामा प्रवास कसा टाळावा यावर डोकं लढवतात. एसटीने त्यावर मारुतीचा पार हे उत्तर शोधलं.

मुक्कामी गाडी बंद पडली की गावाचं काय होतं, ते २०२१ च्या नोव्हेंबरपासून पुढचे काही महिने सगळ्यांनी पाहिलं. एसटीचा संप एप्रिल २०२२ पर्यंत चालला. त्या काळात काळी-पिवळी आणि ऑटोवाल्यांनी रस्ता भरून काढला, पण त्यांची गणितं वेगळी. सीट भरल्याशिवाय ते हलत नाहीत, पास चालत नाही, आणि अंधार पडल्यावर वाडीकडे जायला तयार नाहीत. एसटीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्यावर ठरतं. गाडीत चार माणसं असोत की चाळीस, टप्पा तोच. या नियमाची किंमत तेव्हा कळली.

संपानंतर गाड्यांतली गर्दी बदलली. ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत झाला, मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. मार्गशीर्षात जवळच्या माळेगावच्या खंडोबाची यात्रा भरली की जादा गाड्या सुटतात, तेव्हा हा बदल नजरेत भरतो. पूर्वी घरातला एक गडी यात्रेला जाऊन प्रसाद आणायचा. आता सासू-सुना मिळून निघतात. या सवलतींवर टीका करणाऱ्यांनी एकदा त्या गाडीत उभं राहून प्रवास करावा, एवढंच माझं म्हणणं.

कंधारचा पोरगा स्पर्धा परीक्षेसाठी पुण्याला जातो, तेव्हा त्याला याच व्यवस्थेचं दुसरं रूप दिसतं. स्वारगेटला सप्टेंबर २०२४ मध्ये भुयारी मेट्रोचं शेवटचं स्थानक सुरू झालं. एका चौकात तीन जगं आली: जमिनीखाली मेट्रो, वर पीएमपीच्या शहर बसचा स्टँड आणि शेजारी एसटीचा. पिंपरी-चिंचवडहून माणूस भुयारातून येतो, वर चढतो आणि कात्रज-हडपसरची बस धरतो. पण मेट्रोने दिलं तसं घेतलंही. शिवाजीनगरचं एसटी स्टँड, जिथून मराठवाड्याकडच्या कितीतरी गाड्या सुटत, ते मेट्रोच्या कामासाठी २०१९ च्या अखेरीस वाकडेवाडीला हलवलं गेलं. रेल्वे स्टेशनला लागून असलेला स्टँड तिथून उठला. म्हणजे पैसा आणि यंत्रं असली तरी जोडणी आपोआप होत नाही; ती कुणीतरी मुद्दाम करावी लागते, आणि पुण्यातही प्रत्येक वेळी ती केली गेली नाही.

नांदेडला उलट स्थिती आहे. तिथे मध्यवर्ती बसस्थानक आणि रेल्वे स्टेशन एकमेकांपासून चालण्याच्या अंतरावर आहेत. अंतराची अडचण नाही, वेळेची आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबईची वंदे भारत जालन्याऐवजी नांदेडहून सुटू लागली. तिची सुटायची वेळ पहाटे पाच. कंधारच्या माणसाला ती गाठायची तर रात्री तीनच्या सुमारास घरून निघायला हवं, म्हणजे एक तर जीप ठरवा, नाहीतर आदल्या रात्री नांदेडला कुणा पाहुण्याकडे पथारी टाका. वेगवान गाडीने मुंबई जवळ आणली. कंधारपुरता तिने एक मुक्काम वाढवला.

नांदेड–लातूर रोड या नव्या रेल्वेमार्गाची मागणी वर्षानुवर्षं चालू आहे. तो झाला तरी लोह्यावरून जाणार. कंधारला तेव्हाही बसच लागेल, फक्त नांदेडऐवजी लोह्यापर्यंत. म्हणून रूळ येण्याची वाट बघत बसण्यात अर्थ नाही. रेल्वेचं वेळापत्रक बदललं की त्याची एक प्रत नांदेडच्या विभागीय कार्यालयातून कंधारच्या कंट्रोलरच्या टेबलावर यावी, आणि तपोवन, देवगिरी, नंदिग्राम, वंदे भारत या रेल्वेगाड्यांच्या वेळा बघून निदान दोन फेऱ्या पुढेमागे कराव्यात. पहाटेच्या गाडीसाठी एक रात्रीची फेरी प्रायोगिक चालवून बघावी. दक्षिण मध्य रेल्वेचा विभाग नांदेडला, एसटीचाही विभाग नांदेडलाच. दोन्ही कार्यालयांतल्या साहेबांनी एका चहावर बसावं, आणि आमदार-खासदारांनी नव्या रेल्वेमार्गाच्या निवेदनाला हेही एक पान जोडावं.